पबमेडमध्ये नीट कसं शोधायचं: लाल विंचवाचं एक उदाहरण घेऊन

सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, द्यायची तारीख जवळ आली की पीजीचे रेसिडेंट, एमएस्सी नर्सिंगच्या मुली, फिजिओची मुलं सगळे लायब्ररीत येतात आणि तक्रार दोनच प्रकारची असते, एक तर "मॅडम, माझ्या टॉपिकवर काहीच मिळत नाहीये" नाहीतर "मॅडम, हजारो पेपर आलेत, आता यातलं वाचू काय?" दोघांचाही प्रॉब्लेम खरं तर एकच असतो, शोधायला बसायच्या आधी शब्द ठरवलेले नसतात. म्हणून पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत डेटाबेसमध्ये शोधायचं कसं हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय, बटणं कुठली दाबायची तेही सांगते पण जास्त वेळ शब्दांवर घालवणार आहे, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

एक सांगून ठेवते, इथे सर्चचे शब्द मी देवनागरीत लिहिलेत, तुम्ही बॉक्समध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचे.

उदाहरण मुद्दाम आपल्याकडचं घेतलंय. कोकणातला लाल विंचू डसला की रुग्णाला प्राझोसिन हे औषध एकटं द्यायचं की सोबत प्रतिविषही द्यायचं, ज्याला गावाकडे सरळ विंचवाची लस म्हणतात. या विषयावरचं जगभरात वाचलं जाणारं काम आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडमधून झालंय, डॉ. हिंमतराव बावस्करांचं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांना नाव कळलं पण लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांचा विंचूदंशावरचा लेख १९८२ मध्येच आलेला आहे.

आधी कागद घ्या, लॅपटॉप नंतर

प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा. "विंचूदंश" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. प्रश्न असा: लाल विंचू डसलेल्या रुग्णांमध्ये, प्राझोसिन अधिक प्रतिविष दिल्यावर, नुसत्या प्राझोसिनच्या तुलनेत, रुग्ण लवकर बरा होतो का. म्हणजे रुग्ण कोण, उपचार काय, तुलना कशाशी, आणि मोजायचं काय. यालाच पिको म्हणतात, रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्कशॉपला सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण शोधताना कोणी वापरत नाही. यातले चारही भाग सर्चमध्ये टाकायचे नसतात हं. साधारण पहिले दोन टाकायचे, रुग्ण आणि उपचार. "लवकर बरा होणं" हे प्रत्येक लेखक वेगळ्या शब्दात लिहितो, कोणी रिकव्हरी टाइम म्हणतो, कोणी रेझोल्यूशन म्हणतो, कोणी फक्त मॉर्टॅलिटीच मोजतो, ते सर्चमध्ये घातलंत की चांगले पेपर उगाच गळतात.

आता प्रत्येक भागासाठी पर्यायी शब्दांची यादी करा आणि इथे घाई करू नका. लेखक विंचूदंशाला स्कॉर्पियन स्टिंग म्हणतात, एन्व्हेनोमिंग म्हणतात, एन्व्हेनोमेशन म्हणतात, काही जण स्कॉर्पिओनिझम लिहितात. आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव तर बदलत आलंय, जुन्या लेखांत बुथस टॅम्युलस, मग मेसोबुथस टॅम्युलस, आणि आता हॉटेनटोटा टॅम्युलस. तुम्ही फक्त नवं नाव टाकलंत तर बावस्करांचे लेखच निसटू शकतात, कारण त्यात मेसोबुथस आहे, आणि फक्त मेसोबुथस टाकलंत तर हल्लीचे काही लेख सुटतील. प्रतिविषाचंही तेच, अँटीव्हेनम, अँटीव्हेनिन, मध्ये डॅश घालून अँटी-व्हेनम, कोणी उपचाराला सिरोथेरपी म्हणतो. आणि एक शब्द अगदी सांभाळून वापरा तो म्हणजे एएसव्ही. आपल्या वॉर्डात एएसव्ही म्हटलं की सापाची लस, काही लेखांत तीच अक्षरं विंचवाच्या लसीसाठी आलीत, आणि पबमेडमध्ये नुसतं एएसव्ही टाकलं की झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांच्या व्हेंटिलेशनचे पेपर येतात कारण अडॅप्टिव्ह सर्वो व्हेंटिलेशनचंही लघुरूप तेच आहे. वॉर्डातली लघुरूपं सर्चमध्ये एकटी कधीच टाकू नका.

गावांच्या नावाचं पण लक्षात ठेवा. जुन्या लेखांत मुंबई नाहीये, बॉम्बे आहे, कारण नाव बदललं १९९५ मध्ये. आणि रायगड जिल्हा १९८१ च्या आधी कुलाबा होता. जागा महत्त्वाची असेल तर दोन्ही नावं यादीत हवीत.

मग शोधायचं कुठे

पहिली जागा पबमेड, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन चालवते, १९९६ पासून आहे, सगळ्यांना फुकट, साडेतीन कोटींपेक्षा जास्त नोंदी आहेत. पण यात एक मोठा गोंधळ असतो तो आधी काढून टाकूया. पबमेडमध्ये लेखाची नोंद असते, नाव, लेखक, जर्नल, गोषवारा. पूर्ण लेख तिथे नसतो. पूर्ण लेख ठेवायची जागा वेगळी, पबमेड सेंट्रल, तिला पीएमसी म्हणतात, ती २००० मध्ये सुरू झाली आणि तिथला लेख पूर्ण वाचता येतो. आणि मेडलाइन हा पबमेडचा आतला मोठा भाग आहे, त्यातल्या जर्नल्स निवडून घेतलेल्या असतात आणि त्यांच्या लेखांना विषयाची लेबलं लावलेली असतात. हा फरक न समजताच "मी पबमेड, पीएमसी आणि मेडलाइन शोधले" असं थिसिसमध्ये लिहितात आणि परीक्षक बरोबर तिथेच पकडतात.

ती लेबलं म्हणजे मेश. आता हे नीट समजून घ्या कारण पबमेडची खरी ताकद यातच आहे. लेखकाने स्टिंग लिहू दे, एन्व्हेनोमिंग लिहू दे, लेबल एकच लागतं, स्कॉर्पियन स्टिंग्ज. पबमेडच्या पहिल्या पानावर खाली मेश डेटाबेसची लिंक आहे, तिथे जाऊन स्कॉर्पियन टाका, स्कॉर्पियन स्टिंग्ज उघडा. त्या पानावर व्याख्या आहे, पर्यायी शब्दांची यादी आहे (ती तुमच्या कागदावर उतरवून घ्या, आयती मिळतेय), आणि खाली झाड आहे. त्या झाडात वर बाइट्स अँड स्टिंग्ज आहे आणि त्याच्याखाली विंचू, साप, कोळी असे वेगवेगळे. तुम्ही वरचं लेबल निवडलंत तर पबमेड खालचं सगळंच आणतं, म्हणजे सर्पदंशाचे पेपर पण, म्हणून आपल्याला हवी तीच फांदी धरायची. त्याच पानावर उपशीर्षकं पण आहेत, ड्रग थेरपी वगैरे, ती टिक केली की निकाल अजून नेमके होतात पण मी सुरुवातीला ती लावू नका असंच सांगते, आधी पूर्ण चित्र बघा. मग उजवीकडे ॲड टू सर्च बिल्डर, आणि सर्च पबमेड.

मग फक्त मेश वापरलं तर चालेल का? नाही. पीएमसीतून पबमेडमध्ये आलेले पण मेडलाइनमध्ये नसलेल्या जर्नलचे जे लेख असतात त्यांना हे लेबल लागतच नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जर्नल्सचे लेख असे आहेत. म्हणून मेश आणि साधे शब्द दोन्ही, मध्ये ऑर घालून.

सर्च कसा बांधायचा

अँड, ऑर, नॉट हे तिन्ही कॅपिटल अक्षरांत लिहा. एकाच गोष्टीच्या पर्यायी शब्दांमध्ये ऑर, दोन वेगळ्या गोष्टींमध्ये अँड. कंस विसरू नका, पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि कंस नसले की भलताच अर्थ लावतं.

ॲडव्हान्स्ड वर क्लिक करा, तिथे एकेक तुकडा वेगळा शोधा. पहिला तुकडा विंचवाचा: स्कॉर्पियन स्टिंग्ज हे मेश लेबल, ऑर अवतरण चिन्हात स्कॉर्पियन स्टिंग आणि त्यापुढे स्टार (*), ऑर स्कॉर्पियन एन्व्हेनोम आणि स्टार, ऑर स्कॉर्पिओनिझम, ऑर मेसोबुथस, ऑर हॉटेनटोटा, ऑर बुथस टॅम्युलस. स्टारचा अर्थ पुढे काहीही आलं तरी चालेल, म्हणजे एन्व्हेनोमिंग, एन्व्हेनोमेशन, एन्व्हेनोम्ड सगळं आलं. स्टारच्या आधी किमान चार अक्षरं लागतात. दुसरा तुकडा औषधांचा: प्राझोसिन, ऑर अँटीव्हेन आणि स्टार, ऑर डॅशवालं रूप, ऑर सिरोथेरपी. मग खाली हिस्टरीमध्ये दोन्ही तुकड्यांना नंबर मिळालेले दिसतील, एक अँड दोन करा, झालं. तुकडे वेगळे शोधायचा फायदा असा की कुठे गडबड आहे ते लगेच दिसतं, एखाद्या तुकड्यात शून्य आले तर स्पेलिंग चुकलंय, लाखभर आले तर कुठलातरी शब्द फार सैल आहे.

शब्दाच्या शेवटी चौकटी कंसात छोटे कोड लावता येतात. टी-आय-ए-बी लावलं तर तो शब्द फक्त शीर्षक, गोषवारा आणि लेखकाने दिलेल्या कीवर्डमध्ये शोधला जातो. एम-एच म्हणजे मेश, ए-यू म्हणजे लेखक. लेखक शोधताना आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं, बावस्कर एच-एस असं, पूर्ण नाव लिहायची गरज नाही.

अजून एक जागा आहे जी कोणी उघडत नाही, हिस्टरीतल्या प्रत्येक ओळीला डीटेल्सचा छोटा बाण असतो. तो उघडा. तुम्ही काहीच कोड न लावता साधे शब्द टाकले की पबमेड स्वतःच त्यात मेश लेबल आणि पर्यायी शब्द मिसळतं, आणि नेमकं काय मिसळलं ते तिथे दिसतं. कधी छान मदत होते, कधी तुमच्या शब्दाचा वेगळाच अर्थ लावलेला असतो. अवतरण चिन्ह किंवा स्टार लावलात की ही आपोआप मदत बंद होते, म्हणून मग पर्यायी शब्द तुम्हालाच द्यावे लागतात.

नॉट शक्यतो वापरू नका. "नॉट स्नेक" लिहिलंत तर साप आणि विंचू दोन्हींवरचा एखादा उत्तम आढावा लेख कायमचा गेला.

आलेले निकाल बघायचे कसे

पहिल्या पानावर बेस्ट मॅच लावलेलं असतं, म्हणजे पबमेडला जे योग्य वाटतं ते वर. सुरुवातीला ठीक आहे पण नवीन काय आलंय बघायचं तर मोस्ट रिसेंट करा. डावीकडे फिल्टर आहेत आणि इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. फ्री फुल टेक्स्टचा फिल्टर लावून लिटरेचर रिव्ह्यू करू नका, प्लीज. जे फुकट मिळतं तेवढंच संशोधन झालंय असं होत नाही ना, आणि तुमचा निष्कर्ष रुग्णाच्या उपचारापर्यंत जाणार असतो. आधी सगळं शोधा, मग मिळवायचं कसं ते खाली सांगतेच. तसाच ह्यूमन्सचा फिल्टर, तो मेश लेबलवर चालतो, ज्या लेखांना लेबलच नाही ते माणसांवरचे असले तरी उडतात. आणि विषय लहान असेल, शे-दीडशे पेपरचा, तर फिल्टर लावूच नका, शीर्षकं डोळ्याखालून घालायला एक दुपार पुरते.

आता आपल्या उदाहरणात काय दिसतं बघा, कारण खरी गंमत इथे आहे. २०११ ची बीएमजे या जर्नलमधली महाडची ट्रायल, म्हणजे उपचाराची चाचणी, दिसते, ७० रुग्ण, रँडमाइज्ड म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे गट पाडलेले, एका गटाला प्राझोसिन आणि प्रतिविष, दुसऱ्याला नुसतं प्राझोसिन, आणि दोन्ही दिलेला गट लवकर बरा झाला. पण त्याच यादीत लॅन्सेटमधली १९९९ ची ट्युनिशियातली मोठी ट्रायल पण आहे, ८२५ रुग्णांची, आणि तिच्यात प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. आणि २००९ ची न्यू इंग्लंड जर्नलमधली ॲरिझोनाची ट्रायल, अत्यवस्थ मुलांवरची, तिच्यात फायदा दिसला. नुसते निष्कर्ष वाचले तर माणूस चक्रावून जाईल. पण मेथड्स उघडून बघा, तिन्हीकडे विंचू वेगळा, लस वेगळी, रुग्ण वेगळे. ॲरिझोनातला विंचू मज्जासंस्थेवर घाव घालतो, आपला लाल विंचू हृदयावर. ट्युनिशियात दंशाची तीव्रता न बघता सरसकट रुग्ण घेतलेले होते, महाडला विषबाधेची लक्षणं असलेले घेतले. म्हणून यादीत शास्त्रीय नावं घाला म्हणून मी मागे लागते, आणि म्हणूनच गोषवाऱ्यावर थांबू नका असंही सांगते. महाडची ट्रायल ओपन लेबल होती, म्हणजे कोणाला काय दिलं ते डॉक्टरला माहीत होतं, ही गोष्ट पण रिव्ह्यूमध्ये लिहिली पाहिजे.

एक चांगला पेपर सापडला की तिथेच न थांबता त्याच्या पानावर खाली जा. सिमिलर आर्टिकल्स असतात, साइटेड बाय असतं, आणि शेवटी त्याचेच संदर्भ. साइटेड बाय म्हणजे या पेपरनंतर कोणी कोणी त्याचा उल्लेख केला, त्यामुळे २०११ च्या पेपरवरून आजपर्यंत चालत येता येतं आणि संदर्भांवरून १९८६ च्या प्राझोसिनच्या लॅन्सेटमधल्या लेखापर्यंत मागे जाता येतं. मला तर कधीकधी वाटतं पाच उत्तम पेपर धरून असं पुढे-मागे चालत गेलं की सर्चमध्ये राहिलेल्या फटी बऱ्यापैकी भरतात.

पबमेडच्या बाहेर

गुगल स्कॉलर वापरा, जरूर वापरा, पण एकटं नको. तिथे मेश नाही, निकालांचा क्रम कसा लागतो ते कळत नाही, आणि कुठल्याही सर्चला जास्तीत जास्त १००० निकालच दाखवतं. मात्र थिसिस, परिषदांचे निबंध, पबमेडमध्ये नसलेली आपली जर्नल्स यासाठी चांगलं, शिवाय प्रत्येक निकालाखाली ऑल व्हर्जन्स असतं तिथे लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या साइटवर ठेवलेली पीडीएफ कधीकधी मिळून जाते.

कोक्रेन लायब्ररी बघितल्याशिवाय उपचाराच्या प्रश्नावर पुढे जाऊ नका. कोणीतरी आधीच सगळ्या ट्रायल्स एकत्र करून तपासलेल्या असल्या तर तुमचे महिने वाचतात. २००७ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरासाठी तिची वर्गणी घेतली, तेव्हा आपल्याकडे ही लायब्ररी सगळ्यांना खुली झाली.

फिजिओवाल्यांनी पेड्रो हा डेटाबेस बघायचा, फुकट आहे आणि त्यात ट्रायल्सना दर्जाचे गुणही दिलेले असतात. नर्सिंगसाठी सिनाहल, पण त्याची वर्गणी लागते, कॉलेजकडे आहे का विचारा. आयुर्वेदवाल्यांना पबमेड अपुरं पडतं, त्यांनी आयुष रिसर्च पोर्टल पण शोधायचं आणि आयुर्वेदिक नावाबरोबर वनस्पतीचं लॅटिन नाव, म्हणजे अश्वगंधा ऑर विथानिया सोम्निफेरा, असं दोन्ही टाकायचं. आग्नेय आशियातली जर्नल्स बघायला जागतिक आरोग्य संघटनेचं ग्लोबल इंडेक्स मेडिकस आहे, ते फार कमी लोकांना माहितीये. भारतातले प्रबंध शोधगंगावर. आणि चालू असलेल्या किंवा झालेल्या पण कधीच न छापलेल्या ट्रायल्स बघायच्या तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची नोंदवही, ती २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. तुमच्याच विषयावर कोणी आधीच काम करतंय का ते सिनॉप्सिसच्या आधी तिथे बघून घ्या.

आपल्या जर्नल्सच्या साइटवर थेट जाऊन शोधायची पण सवय लावा. मुंबईच्या केईएम हॉस्पिटल आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेजचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून निघतंय आणि फुकट वाचता येतं, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च तर १९१३ पासूनचं. आपल्या रुग्णांवरचं काम अशा ठिकाणी जास्त असतं.

पूर्ण लेख मिळवायचा कसा

क्रमाने करा. पबमेडच्या पानावर उजवीकडे वर फुल टेक्स्टची बटणं असतात, तिथे पीएमसीचं बटण असेल तर प्रश्नच मिटला. बीएमजेचे संशोधन लेख तसेही सगळ्यांना मोफत असतात, म्हणजे महाडची ट्रायल तुम्ही आत्ता मोबाइलवर उघडू शकता. पैसे मागितले तर थांबा, तीस-चाळीस डॉलर खिशातून भरायचा विचार पण करू नका. सरकारी कॉलेजात असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, जर्नल्सच्या एकत्र वर्गणीची योजना, केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, २०२५ पासून सुरू आहे आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं केंद्र, ते बघतं. कॉलेजच्या नेटवर्कवर असताना प्रकाशकाची साइट उघडली की लेख सरळ उघडायला हवा. होस्टेलच्या मोबाइल डेटावरून उघडून "मिळत नाही" म्हणणारे खूप जण भेटतात, ती साइट तुम्हाला नेटवर्कवरून ओळखते, म्हणून कॅम्पसच्या वायफायवरून बघा, किंवा बाहेरून बघायचं लॉगिन लायब्ररीतून मागून घ्या. वैद्यकीय जर्नल्ससाठी दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीचं अर्मेड पण आहे, तुमची संस्था त्यात आहे का ते विचारा.

खाजगी कॉलेजात असाल तर कॉलेजची स्वतःची वर्गणी आणि आरोग्य विद्यापीठाची डिजिटल लायब्ररी बघा, आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेंशन टाकून घ्या, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर बाजूला हिरवं कुलूप दिसतं. तरीही नाही मिळाला तर डेलनेट या लायब्ररींच्या जाळ्यामार्फत दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतो. आणि शेवटचा उपाय खरं तर सगळ्यात सोपा आहे, लेखकाला ईमेल करा, पत्ता पेपरवरच असतो, चार ओळींत कोण आहात आणि कशासाठी हवाय ते लिहा, संशोधकांना आपलं काम कोणी वाचतंय याचा आनंदच होतो.

एआयने दिलेले संदर्भ

हे हल्ली रोज दिसतं म्हणून लिहितेय. चॅटबॉटने दिलेली संदर्भांची यादी दिसायला एकदम खरी असते, लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, आणि तसा लेखच अस्तित्वात नसतो. प्रत्येक संदर्भाचं शीर्षक पबमेडमध्ये टाका, पीएमआयडी, म्हणजे लेखाचा पबमेडमधला नंबर, मिळतो का बघा, नाहीतर पबमेडच्याच सिंगल सायटेशन मॅचरमध्ये जर्नल, वर्ष, पान घालून बघा. सापडला नाही तर तो लेख यादीत ठेवायचा नाही, कोणी का दिलेला असेना. शब्दांची यादी करायला मात्र एआयची मदत घ्यायला माझी हरकत नाही, फक्त ते शब्द मेशमध्ये तपासून घ्या. आणि लेख खरा असला तरी पबमेडच्या पानावर वर रिट्रॅक्टेडची पट्टी नाही ना तेवढं बघा, मागे घेतलेले लेख तसेच सायटेशनमध्ये फिरत राहतात.

नोंद ठेवा

ज्या दिवशी सर्च केला ती तारीख, कुठल्या डेटाबेसमध्ये, नेमकी सर्चची ओळ जशीच्या तशी, आणि किती निकाल आले, एवढं एका वर्ड फाइलमध्ये चिकटवून ठेवा. पबमेडची हिस्टरी आठ तास काही केलं नाही की पुसली जाते, आणि क्लिपबोर्डचंही तसंच, त्यामुळे "उद्या उतरवून घेईन" चालत नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्यांना तर प्रिझ्माच्या आकृतीत, म्हणजे किती लेख सापडले आणि किती गाळले ते दाखवणाऱ्या आकृतीत, हेच आकडे लागतात. संदर्भ सांभाळायला झोटेरो घ्या, फुकट आहे, सेंड टू मधून सायटेशन मॅनेजर निवडून फाइल उतरवली की सगळे एकदम त्यात जातात, वर्डमध्ये व्हँकुव्हर स्टाइल, म्हणजे संदर्भांना नंबर द्यायची पद्धत, एका क्लिकवर लागते आणि गाइडने मधला एक पेपर काढायला सांगितला तरी नंबर आपोआप बदलतात.

पबमेडवर अकाउंट उघडा, गुगलच्या लॉगिननेही चालतं. मग सर्च बॉक्सखाली क्रिएट अलर्ट आहे, तुमची शेवटची पक्की ओळ तिथे सेव्ह करा आणि आठवड्यातून एकदा मेल यायला सांगा. थिसिस सबमिट होईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात, तेवढ्यात नवीन पेपर येतातच, आणि व्हायवामध्ये "यावर अलीकडे काय आलंय?" हा प्रश्न हमखास असतो.

आणि लायब्ररीत मदत मागायला याल तेव्हा तो शब्दांचा कागद आणि सर्चची ओळ घेऊन या. नुसतं "काही मिळत नाही" सांगितलंत तर आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ओळ समोर असली की कंस कुठे चुकला, कुठला शब्द राहिला ते बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतं.